आठव्या मोटारीचं गणित

कमी व्होल्टेजनं मोटार जळते, हे वाक्य सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात ऐकायला मिळेल. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम मात्र सांगतो की दाब कमी झाला की प्रवाह कमी होतो, आणि प्रवाह कमी झाला की उष्णताही कमी होते. मग कमी दाबावर मोटार उलट थंड राहायला हवी. ती जळते कशी? या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. शिकलेला माणूस म्हणतो, दुकानदाराला शास्त्र कळत नाही. दुकानदार म्हणतो, पुस्तकातलं वेगळं आणि शेतातलं वेगळं. दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. दुकानदाराचं वाक्य खरं आहे, ओहमचा नियमही खरा आहे, आणि दोघांचा मेळ घालायला एक भागाकार, एक गुणाकार आणि कागदाची पाठकोरी बाजू एवढं पुरतं. अट एकच: भागाकार करण्याआधी, दाब कुठला आणि प्रवाह कशातला हे नीट विचारून घ्यायचं.

हे गणित मैंदर्गीच्या शिवारात मांडू. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं हे नगरपरिषदेचं गाव. मराठीइतकीच कन्नडही इथं कानावर येते. ज्वारी आणि तुरीचा हा मुलूख; ज्यांच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे त्यांचा ऊसही असतो. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे जमिनीखालचं पाणी उपसायचं, आणि ते उपसायला बहुतेक ठिकाणी थ्री फेजची मोटार. गावापासून लांब गेलेली लघुदाब लाइन, एका डीपीवर (वितरण ट्रान्सफॉर्मरवर) अनेक शेतकरी, शेवटच्या खांबावर व्होल्टेज डाऊन, ही तक्रार मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भातही तीच आहे. म्हणून पुढे कल्पिलेली लाइन मैंदर्गीची असली तरी तिचे आकडे कुठल्याही शिवारात लागू पडावेत असे घेतले आहेत.

आधी साधा भाग उरकून घेऊ. एखाद्या वस्तूच्या दोन टोकांमधला दाब व्होल्टमध्ये मोजला आणि तिच्यातून जाणारा प्रवाह अँपिअरमध्ये, तर दाबाला प्रवाहानं भागून रोध मिळतो, ओहममध्ये. आणि दाब गुणिले प्रवाह केलं की शक्ती, वॅटमध्ये. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब २३० व्होल्टवर ०.४३५ अँपिअर घेतो. म्हणजे त्याचा रोध सुमारे ५२९ ओहम. आता तोच बल्ब बंद करून, गार होऊ देऊन मल्टिमीटरनं तपासला तर आकडा चाळीस ओहमच्या आसपास येतो, आणि शिकणारा मुलगा मीटर बिघडला असं समजतो. मीटर ठीक आहे. टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या पुढे तापलेली असताना तिचा रोध गार तारेच्या बारा-तेरा पट असतो. म्हणजे बल्बसारख्या गरीब वस्तूच्या बाबतीतही भागाकार कुठल्या स्थितीत केला हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. दाब १८० व्होल्टवर आला तर सरळ हिशेबानं त्याची शक्ती ६१ वॅट व्हायला हवी. प्रत्यक्षात ती थोडी जास्त राहते, कारण तार कमी तापते आणि तिचा रोधही उतरतो.

खुद्द ओहमही सुरुवातीला या स्थितीच्या प्रश्नावरच अडखळला होता, हे पुस्तकांत सहसा येत नाही. गेओर्ग झिमोन ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक होता. १८२५ साली त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा ओल्या बॅटरीला जोडून प्रयोग केले आणि जो नियम छापला तो चुकीचा होता. कारण बॅटरी. तार जोडली, प्रवाह वाहू लागला की बॅटरीचा दाबच खाली यायचा. दाब स्थिर आहे असं गृहीत धरून काढलेलं सूत्र मग बरोबर कसं येणार? पोगेनडोर्फ या संपादक-शास्त्रज्ञानं त्याला बॅटरी सोडून द्यायला सुचवलं. ओहमनं बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, त्याचं एक टोक बर्फात आणि दुसरं उकळत्या पाण्यात ठेवलं. तापमानातला फरक हलत नाही म्हणून दाबही हलत नाही. १८२६ मध्ये त्याला योग्य नियम सापडला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं ते थेट १८४१ मध्ये. त्याच वर्षी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डच्या दारूभट्टीवाल्या घरातल्या जेम्स ज्यूलनं दाखवून दिलं की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. भार जोडला की ज्याचा दाब बसतो असा वीजस्रोत ही ओहमची १८२५ मधली अडचण होती. लाइनच्या शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याचीही तीच आहे, फक्त त्याला बर्फ आणि उकळतं पाणी वापरून सुटका नाही.

आता मोटार. पाच हॉर्सपावरची मोटार म्हणजे दांड्यावर सुमारे ३,७३० वॅट. बोअरमधल्या सबमर्सिबलची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर तिला आत घ्यावे लागतात सुमारे ४,९७० वॅट. थ्री फेजमध्ये शक्ती काढताना दोन फेजमधला दाब, प्रवाह, १.७३२ आणि पॉवर फॅक्टर या चौघांचा गुणाकार करतात. पॉवर फॅक्टर ०.८ आणि दाब ४१५ व्होल्ट धरला तर प्रवाह येतो ८.६५ अँपिअर. पॉवर फॅक्टरबद्दल एक शंका इथंच मिटवलेली बरी. दाब गुणिले प्रवाह केला की शक्ती, असं वर म्हटलं. मग हे ०.८ कुठून आलं? मोटारीला चुंबकक्षेत्र उभं करायला काही प्रवाह लागतो, तो दर आवर्तनात येतो आणि परत जातो, काम काही करत नाही. नुसता गुणाकार करून आलेल्या आकड्याला म्हणून वॅट न म्हणता व्होल्ट-अँपिअर म्हणतात. पण येणारा-जाणारा प्रवाहही तारेतूनच येतो-जातो आणि तार त्यानंही तापते, हे विसरायचं नाही.

दाब घसरून ३०० व्होल्ट झाला की काय होतं? ओहमच्या नियमाची सवय असलेला वाचक म्हणेल, प्रवाहही त्याच प्रमाणात उतरेल. इथंच भागाकाराचं चुकतं. एका फेजपुरता २४० व्होल्ट भागिले ८.६५ अँपिअर केलं तर २७.७ ओहम मिळतात, पण हा मोटारीचा रोध नव्हे. मोटार उघडून वायंडिंगचा रोध मोजला तर तो याच्यापेक्षा फारच थोडा, काही ओहम भरेल. चालू मोटारीला प्रवाह रोखून धरायचं काम तारेचा रोध करत नाही. फिरतं चुंबकक्षेत्र गुंडाळीत उलटा दाब निर्माण करतं, आणि मुख्यतः तो बाहेरच्या दाबाला अडवतो. पुरावा हवा असेल तर स्टार्टर दाबल्याक्षणी बघावा. रोटर अजून उभा असतो, अडवणूक पुरी झालेली नसते, आणि प्रवाह पाच-सहा पट उसळतो. वायंडिंगचा रोध त्या क्षणीही तोच असतो.

मोटारीची चाल ठरते ती मुख्यतः ५० हर्ट्झच्या वारंवारतेनं, दाबानं नव्हे. दाब उतरला तरी पंप जवळजवळ त्याच वेगानं फिरतो आणि तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायला मागतो. कामाला सूट नाही. कमी दाबावर चुंबकक्षेत्र दुबळं होतं. मग तेवढंच काम करायला मोटार जास्त प्रवाह ओढते. ४१५ ला ८.६५ अँपिअर, तर ३०० ला सुमारे १२. प्रवाह १.३८ पट आणि ज्यूलच्या वर्गामुळे वायंडिंगमधली उष्णता १.९ पट. आक्षेप घेता येतो की मोटारीचा वेग थोडा तरी उतरतोच, आणि पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, तेव्हा प्रवाह इतका वाढणार नाही. आक्षेप रास्त आहे. वाढ थोडी कमी होईल. पण दिशा बदलत नाही, कारण वेग उतरतो तो दोन-चार टक्क्यांनी आणि दाब उतरलेला असतो २८ टक्क्यांनी. वायंडिंगवरच्या आवरणाबद्दल अभियंत्यांचा एक जुना अंदाज आहे: दर दहा अंश सेल्सिअस जादा तापमानाला त्याचं आयुष्य निम्मं. शिवाय सबमर्सिबल गार राहते ती तिच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्यानं, आणि उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं तेव्हा हा गारवाही आटतो. दुकानदाराचं वाक्य इथपर्यंत सिद्ध झालं. ओहमचा नियम खोटा पडला नाही. तो जिथं लावायचा नव्हता तिथं लावला होता.

तो लावायचा आहे तारेला. तारेत उलटा दाब वगैरे काही नसतं (थोडी प्रेरकता असते, ती धरली तर पुढचं चित्र किंचित आणखी वाईट दिसेल, म्हणून बाजूला ठेवू). खेड्यातल्या लघुदाब लाइनवर पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियमची तार असते. तिच्या जाडीप्रमाणे तिला प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट. मधल्या वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९२ ओहम. आता मैंदर्गीच्या शिवारात डीपीपासून एक किलोमीटर अंतरावर पाच हॉर्सपावरच्या सहा मोटारी आहेत असं समजू. सहांचा मिळून प्रवाह सुमारे ५२ अँपिअर. तारेत गळणारा दाब, ५२ गुणिले ०.९२, जवळजवळ ४८ व्होल्ट. फेजला डीपीवर २४० होते, शेवटी उरले १९२. गणित इथं संपलं असं वाटतं आणि बरेच जण इथंच थांबतात. पण १९२ व्होल्टवर मोटारी ५२ अँपिअर घेणारच नाहीत. आताच पाहिलं की दाब उतरला की त्या जास्त ओढतात. त्या घेतील ६५. मग तारेत गळतील ६० व्होल्ट आणि उरतील १८०. १८० ला मोटारी ६९ मागतील, गळती ६३ वर जाईल. पायरी पायरीनं हे घसरत घसरत १७४ व्होल्ट आणि ७१ अँपिअरवर स्थिरावतं. दोन फेजमधला दाब म्हणून मोजला तर ३०२ व्होल्ट. वर तीनशेचा आकडा उगाच घेतला नव्हता. नियमाप्रमाणे लघुदाब पुरवठ्यात सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ३९० च्या खाली जायला नको.

या अवस्थेत तारेत किती शक्ती जळते? ७१ चा वर्ग, गुणिले ०.९२, गुणिले तीन तारा: सुमारे १४ किलोवॅट. सहा मोटारी मिळून घेतात ३० किलोवॅट. डीपीतून निघालेल्या विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एक किलोमीटरच्या तारेत आकाशाला ऊब देण्यात गेला. ही नासाडी शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही. मीटर असला तरी तो तारेच्या शेवटी असतो, गळती त्याच्या आधी झालेली असते; मीटर नसेल तर आकारणी हॉर्सपावरवर होते; आणि २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपावरपर्यंतच्या कृषीपंपांना वीज मोफत आहे. म्हणून ही गळती कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. शेतकऱ्याला ती दिसते ती रिवायंडिंगच्या खर्चात आणि वाळलेल्या पिकात.

आता सातवी मोटार. हिशेब तसाच करत गेलं तर दाब २६४ व्होल्टच्या आसपास येतो. मोटारीची ओढण्याची कमाल ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे उतरते. चांगल्या दाबावर ती पूर्ण भाराच्या दोन-अडीच पट असते. २६४ व्होल्टवर ती ४० टक्क्यांवर येते, म्हणजे भाराला जेमतेम पुरेल न पुरेल अशी. आणि आठवी? आठव्या मोटारीला गणितात उत्तरच नाही. ०.९२ ओहमच्या तारेतून, डीपीवर २४० व्होल्ट असताना, पलीकडच्या टोकाला जास्तीत जास्त किती पोचवता येईल याला मर्यादा आहे. निम्मा दाब तारेत गळतो आणि निम्मा उरतो तेव्हा ती गाठली जाते: १२० गुणिले १२०, भागिले ०.९२, म्हणजे फेजला सुमारे १५,६५० व्होल्ट-अँपिअर. एका मोटारीला फेजमागे २,०७५ लागतात. सातांना १४,५२५. आठांना १६,६००. पायरी पायरीनं हिशेब करायला बसाल तर आकडे कुठंच थांबत नाहीत, दाब घसरतच राहतो. शेतात याचा अर्थ असा की कोणाची तरी मोटार गुरगुरते, अडकते, अडकलेली मोटार सहा पट प्रवाह ओढते आणि उरलेल्या सातांचाही दाब घेऊन बसते. आठवा शेतकरी भांडखोर आहे किंवा त्याची मोटार खराब आहे, असं गावात म्हटलं जातं. दोष त्याच्या मोटारीचा नाही आणि आकडा टाकून वीज चोरल्याचा आरोप करण्याआधी हा हिशेब बघायला हवा. तोच आठवा शेतकरी जोडणीच्या यादीत पहिला असता तर आज दुसरा कोणी आठवा असता.

यावर अनुभवातला आक्षेप येतो, आणि तो फार ठाम असतो: मीटर लावून बघितलं, स्टार्टरवर चारशे दहा व्होल्ट आहेत, तेव्हा लाइनचा काही दोष नाही. हे मोजमाप बहुतेक वेळा मोटारी बंद असताना केलेलं असतं. प्रवाह शून्य असेल तर तारेचा रोध कितीही असो, शून्य गुणिले रोध म्हणजे शून्यच गळती. मोटार नसलेल्या लाइनवर शेवटच्या खांबापर्यंत डीपीचा दाब जसाच्या तसा पोचतो, अगदी निम्मी कुजलेली तार असली तरी. लाइनची प्रकृती कळते ती भाराखाली. आणि म्हणूनच, रात्री एकटी मोटार चालवणाऱ्याला सगळं झकास वाटतं आणि पाळीत सगळ्यांबरोबर चालवणाऱ्याला नाही. दोघंही आपापल्या मोजमापात खरे असतात.

दुसरा आक्षेप पुस्तकी आहे, पण हुशार विद्यार्थी तो घेतातच. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. तीच शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. पहिल्या सूत्राप्रमाणे दाब चढवून प्रवाह उतरवला की तारेतली हानी कमी होते. दुसऱ्याप्रमाणे दाब चढवला की हानी वाढते. खरं काय? दोन्ही खरी. दुसऱ्या सूत्रातला दाब हा डीपीचा नाही, तारेच्या दोन टोकांमधला आहे. आपल्या उदाहरणात तो २४० नाही, ६६ व्होल्ट. ६६ चा वर्ग भागिले ०.९२ करून तिप्पट करा, तेच सुमारे १४ किलोवॅट येतात. एका वस्तूचा दाब आणि दुसऱ्या वस्तूचा रोध घेऊन भागाकार केला की उत्तर येतं, फक्त ते कशाचंच उत्तर नसतं. विजेच्या हिशेबातल्या निम्म्या चुका या एका जातीच्या आहेत.

मग उपाय काय? जाड तार हा पहिला सुचणारा. रॅबिट तारेचा रोध किलोमीटरला ०.५५ ओहम, ती ओढली तर सहा मोटारींना ३५८ व्होल्ट मिळतात आणि गळती १४ वरून ६ किलोवॅटवर येते. चांगली सुधारणा, पण ३९० काही गाठलं नाही. दुसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित: प्रत्येक स्टार्टरला कॅपॅसिटर. येण्या-जाण्याचा प्रवाह मग कॅपॅसिटर आणि मोटार यांच्यातच फिरतो, एक किलोमीटरच्या तारेत उतरत नाही. पॉवर फॅक्टर ०.८ चा ०.९५ झाला तर त्याच जुन्या वीझल तारेवर दाब ३२७ च्या आसपास येतो, गळती साडेआठ किलोवॅटच्या आत. आणि आठव्या मोटारीच्या समीकरणाला उत्तर मिळू लागतं, कसंबसं, पण मिळतं. कॅपॅसिटर लावला की माझी मोटार कमी करंट घेते असं जे समजलं जातं ते मात्र बरोबर नाही. त्याच दाबावर वायंडिंगमधला प्रवाह तेवढाच राहतो. तो उतरतो तो लाइनचा दाब सुधारल्यामुळे. म्हणजे एकट्यानं कॅपॅसिटर लावून फायदा थोडा, सगळ्यांनी लावून भरपूर. ऑटोस्विचचंही तसंच, उलट्या बाजूनं. लाइट आली की आठही मोटारी एका क्षणी सुटतात, प्रत्येक पाच-सहा पट प्रवाह मागते, आणि वर पाहिलेली मर्यादा ओलांडायला मग दोन मोटारीही पुरतात. महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा म्हणून वर्षानुवर्षं सांगतं ते या हिशेबामुळे. सांगणाऱ्यानं हिशेबही सांगितला असता तर कदाचित जास्त ऐकलं गेलं असतं.

तिसरा उपाय दाबाला हात घालतो. तेच ३० किलोवॅट त्याच वीझल तारेतून, त्याच एक किलोमीटरवर, पण ११ हजार व्होल्टवर नेले तर प्रवाह दोन अँपिअरही भरत नाही आणि तिन्ही तारांत मिळून जळतात सुमारे ११ वॅट. चौदा हजारांच्या जागी अकरा. दाब साडेसव्वीस पट झाला म्हणून वर्गाच्या हिशेबानं गळती सातशे पटींनी उतरली, आणि मोटारींची घसरण थांबली म्हणून आणखी निम्म्यावर आली. कृषीपंपांसाठी महाराष्ट्रानं २०१८ मध्ये हाती घेतलेली उच्चदाब वितरण प्रणाली ही यावरच उभी आहे: ११ हजारांची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. तिच्याविरुद्ध दोन रास्त मुद्दे आहेत. खर्च मोठा, आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा मोटार बंद असतानाही, लाइनवर वीज असेपर्यंत, थोडी वीज खातच राहतो, मग छोटे ट्रान्सफॉर्मर जितके जास्त तितकी ही खाबूगिरी जास्त. तरीही लांब आणि भरलेल्या लाइनवर १४ किलोवॅटच्या तुलनेत ही किंमत किरकोळ ठरते. डीपीला लागून दोनच मोटारी असतील तिथं मात्र तिचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. सौरपंपाचं एक बळ इथं कळतं: त्याच्या मध्ये किलोमीटरची तारच नाही.

सोलापूर जिल्ह्यात या हिशेबाचं एक अवाढव्य रूप उभं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. त्या दिवसापासून देशभर विजेची वारंवारता एक झाली. सात लाख पासष्ट हजार व्होल्ट कशासाठी, याचं उत्तर वीझल तारेच्या उत्तरापेक्षा वेगळं नाही. एक हजार मेगावॅट त्या दाबावर न्यायला साडेसातशे अँपिअर पुरतात. ११ हजार व्होल्टवर तेवढीच वीज न्यायची तर बावन्न हजार अँपिअर लागतील, आणि त्या प्रवाहाला पुरेल अशी तार कुठल्याच मनोऱ्यावर टांगता येणार नाही. फताटेवाडीच्या एनटीपीसी केंद्रात १,३२० मेगावॅट वीज तयार होऊ शकते. एवढी वीज उशाशी असताना शेवटच्या खांबावर तीनशे व्होल्ट का, असा राग येणं साहजिक आहे. पण शेवटच्या खांबावरचा दाब ठरतो तो केंद्रातल्या मेगावॅटवर नाही, शेवटच्या किलोमीटरच्या ओहमवर.

हे ओहम खांबावर न चढता काढता येतात, आणि ओहमच्या भागाकाराचा शेतातला खरा उपयोग हाच आहे. सगळ्या मोटारी चालू असताना, एकाच वेळी, तीन आकडे घ्यायचे: डीपीवरचा फेजचा दाब, शेवटच्या स्टार्टरवरचा फेजचा दाब, आणि तारेतला प्रवाह. प्रवाह क्लॅम्प मीटरनं तार न तोडता मोजता येतो. दोन दाबांची वजाबाकी, तिला प्रवाहानं भागायचं. २४० वजा १७४, भागिले ७१, म्हणजे ०.९३. वीझल तारेच्या एका किलोमीटरला एवढंच यायला हवं. म्हणजे तार निर्दोष आहे, फक्त अंगापेक्षा जास्त ओझं वाहते आहे, आणि मागणी करायची ती जाड तारेची किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची. पण उत्तर १.०५ आलं तर? तार तापून थोडा रोध वाढतोच, पण वरचा दशांश ओहम कुठल्या तरी सांध्याचाही असू शकतो. ७० अँपिअरला एका दशांश ओहममध्ये ४९० वॅट जळतात, एका चिमूटभर जागेत. असा सांधा रात्री ठिणग्या टाकतो, एक दिवस सुटतो, आणि एक फेज गेलेल्या लाइनवर उरलेल्या दोन फेजवर चालत राहिलेली मोटार तासाभरात जाते. तो सांधा घट्ट करायला नवा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पाना लागतो.

मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. उघड्या डीपीत स्वतः हात घालू नये. पण तक्रारीच्या अर्जात "व्होल्टेज कमी आहे" एवढंच लिहू नका. किती वाजता, किती मोटारी चालू असताना, डीपीवर किती व्होल्ट, शेवटी किती व्होल्ट आणि किती अँपिअर, हे लिहा, आणि खाली भागाकार करून ओहम लिहा.